तांबं आत येतं, पण बाहेर जात नाही: विल्सनच्या आजाराबद्दल

सांगलीकडच्या एका ताईंनी विचारलं आहे. अकरा वर्षांच्या भाच्याला वर्षभरात दोनदा कावीळ झाली. दोन्ही वेळा ती साधी समजून पथ्यपाण्यावर निभावली. तिसऱ्या वेळी पोट फुगलं, पायांवर सूज आली. रक्तातलं सेरुलोप्लाझ्मिन, म्हणजे तांबं वाहणारं प्रथिन, ६, चोवीस तासांच्या लघवीत २४० मायक्रोग्रॅम तांबं, आणि निदान झालं विल्सनच्या आजाराचं. घरात तीन पिढ्या तांब्याच्या हंड्यातलं पाणी पितात. आजी रडून म्हणते, "मीच नातवाला विष पाजलं." ताईंना विचारायचंय ते असं: हे हंड्यामुळे झालं का, धातू पेशीत साचतो म्हणजे आत नेमकं काय होतं, औषध खरोखर जन्मभर का घ्यायचं, आणि आठ वर्षांची धाकटी बहीण ठणठणीत असताना तिचं रक्त कशाला काढायचं?

ताई, हे वाचून झालं की पहिल्यांदा आजींजवळ जाऊन बसा. त्यांना सांगा, हा आजार हंड्याने दिलेला नाही. एटीपी-७बी नावाचं एक जनुक असतं. त्याची बिघडलेली एक प्रत मुलाला आईकडून आली आणि दुसरी वडिलांकडून. आईवडिलांकडे प्रत्येकी एक प्रत चांगली होती, म्हणून त्यांना कधी काही झालं नाही आणि कुणाला काही कळायचं कारणही नव्हतं. हा मुलगा जन्मापासून स्टीलच्या पिंपातलं पाणी प्यायला असता तरी त्याला हा आजार झालाच असता, कारण तांबं रोजच्या जेवणातच असतं. डाळीत असतं, शेंगदाण्यात, तिळात, गव्हाच्या कोंड्यात असतं. हंडा आता त्याच्यासाठी बंद करायचा, पण तो दोषी ठरला म्हणून नाही. त्याचं कारण पुढे सांगतो.

तांबं शरीराला लागतं, हे आधी लक्षात घ्या. पेशीच्या आत मायटोकाँड्रिया असतात, म्हणजे पेशीच्या चुली. त्या चुलीचा शेवटचा टप्पा तांब्याशिवाय पेटत नाही. हाडं आणि रक्तवाहिन्या चिवट राहतात त्या तांब्यावर चालणाऱ्या एका विकरामुळे, केसांचा काळा रंगही तसाच. मेंकीसच्या आजारात उलटा प्रकार होतो. आतड्यातून तांबं रक्तात सोडणारा पंपच बिघडलेला असतो, बाळाचे केस तारेसारखे ताठ आणि फिकट होतात, आणि अशी बाळं बहुतेकदा पहिल्या दोन-तीन वर्षांतच जातात. म्हणून "तांबं म्हणजे विष" असं मी कुणाला सांगत नाही. प्रौढ माणसाच्या अख्ख्या शरीरात ते जेमतेम १०० मिलिग्रॅम असतं, आणि तेवढं मात्र असावंच लागतं.

मग पेशी त्याला इतकी का घाबरते? कारण तांब्याचे दोन स्वभाव. एक, ते इलेक्ट्रॉन सहज देतं आणि सहज घेतं. चुलीत हाच गुण कामाला येतो. पण पेशीत कुठेही मोकळं सुटलं, की हेच तांबं ऑक्सिजनपासून असे आक्रमक रेणू तयार करतं, की पेशीच्या भोवतीचं स्निग्ध आवरण जुन्या तेलासारखं खवट होतं. खवट हा शब्द मी उपमा म्हणून वापरत नाही. शेंगतेल खवट होताना जी रासायनिक क्रिया होते, त्याच जातीची ही क्रिया. दुसरा स्वभाव चिकटण्याचा. प्रथिनांना चिकटण्याच्या बाबतीत तांबं जस्ताच्या आणि लोहाच्या पुढे आहे, त्यामुळे त्यांच्या जागांवर जाऊन बसतं आणि ती प्रथिनं निकामी करतं.

म्हणून पेशी तांब्याला एक क्षणही एकटं सोडत नाही. दारातून आत आलं की वाहक प्रथिनं त्याला हाताला धरून नेमक्या जागी पोचवतात. यीस्टच्या पेशींवर झालेलं एक मोजमाप १९९९ साली प्रसिद्ध झालं. त्यातला निष्कर्ष असा, की निरोगी पेशीत मोकळ्या तांब्याचा सरासरी एक अणूसुद्धा नसतो. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुन्हा पुन्हा वाचलं होतं. ज्या धातूशिवाय पेशी जगत नाही, तो ती मोकळा म्हणून एक अणूभरही ठेवत नाही.

आता यकृताकडे येऊ. आतड्यातून शोषलेलं तांबं सगळ्यात आधी यकृतात येतं, आणि तिथे एटीपी-७बी जनुकापासून बनणाऱ्या पंपाला दोन कामं असतात. पहिलं, सेरुलोप्लाझ्मिन या प्रथिनात तांब्याचे सहा अणू बसवून ते रक्तात पाठवायचं. दुसरं, उरलेलं तांबं पित्तात सोडायचं, म्हणजे ते शौचावाटे निघून जातं. निरोगी माणसाच्या लघवीतून तांबं नगण्य जातं. बाहेर पडायची खरी वाट पित्ताचीच. पंप बिघडला की ती वाट बंद होते, आणि सेरुलोप्लाझ्मिनही रिकामंच बाहेर पडतं आणि लवकर मोडून जातं.

तुमच्या हातातल्या रिपोर्टचं कोडं इथेच सुटतं. पालक मला हमखास विचारतात, "डॉक्टर, अंगात तांबं जास्त म्हणता, मग रक्तात कमी कसं?" रक्तातलं बहुतेक तांबं सेरुलोप्लाझ्मिनमध्ये बांधलेलं असतं. ते प्रथिनच कमी, म्हणून एकूण आकडा कमी दिसतो. साधारण २० च्या वर हवं तिथे भाच्याचं ६ आहे. यकृतात न मावलेलं तांबं मात्र सुटं होऊन रक्तात येतं आणि मूत्रपिंडातून गळतं, म्हणून लघवीत ते विल्सनच्या संशयाची १०० ची रेषा ओलांडून २४० वर गेलं.

साचणं एका दिवसात होत नाही. पहिली काही वर्षं पेशी निभावून नेते. तिच्याकडे मेटॅलोथायोनिन नावाचं गंधकयुक्त प्रथिन असतं. ते जास्तीचं तांबं पकडून निरुपद्रवी करून ठेवतं, गोदामात माल रचावा तसं. माल वाढला की पेशी गोदामं वाढवते. या काळात मूल खेळतं, शाळेत जातं, कुणाला काही दिसत नाही. पुढे गोदामं भरतात, आणि तांबं पेशीच्या कचराकुंड्यांमध्ये, म्हणजे लायसोसोममध्ये, गोळ्यागोळ्यांनी जमतं. शेवटी तेही फुटू लागतं.

इथे एक गोष्ट आवर्जून सांगतो, कारण तिच्यामुळे निदान हुकलेलं मी पाहिलं आहे. यकृताचा तुकडा काढून तांब्याचा विशेष रंग दिला, आणि "रंग आला नाही, म्हणजे तांबं नाही" असा अर्थ काढला. तसं नसतं. सुरुवातीच्या काळात तांबं पेशीभर विखुरलेलं आणि प्रथिनाला बांधलेलं असतं, ते त्या रंगात दिसत नाही. लायसोसोममध्ये गोळे झाल्यावर दिसतं. म्हणून तुकड्यातलं तांबं वजनावर मोजावं लागतं. वाळवलेल्या एका ग्रॅम यकृतात साधारण ५० मायक्रोग्रॅमपर्यंत ठीक, २५० च्या वर गेलं तर विल्सनचा दाट संशय. यकृत घट्ट आणि गाठाळ झालं असेल तर एका गाठीत भरपूर आणि शेजारच्या गाठीत कमी असंही निघतं. भाच्याच्या बाबतीत रक्त, लघवी आणि लक्षणं एकमेकांना इतकी जुळतात, की तुकड्याशिवाय उपचार सुरू केले असतील तर ते बरोबरच आहे.

पेशी मरते कशी, याचं उत्तर बरीच वर्षं "ऑक्सिजनच्या आक्रमक रेणूंनी" एवढंच दिलं जायचं. ते खरं आहे, पण पुरेसं नाही. विल्सनच्या यकृतात अगदी लवकर बिघडतात ते मायटोकाँड्रिया, हे सूक्ष्मदर्शकातून फार पूर्वी दिसलं होतं. २०२२ मध्ये प्रयोगशाळेतल्या पेशींवरच्या कामातून त्याची एक यंत्रणा पुढे आली. मायटोकाँड्रियातल्या काही प्रथिनांना लिपोइक आम्लाची शेपटी असते. तांबं तिला जाऊन चिकटतं, त्या प्रथिनांच्या गुठळ्या होतात, लोह-गंधकाची प्रथिनं नाहीशी होतात आणि पेशी मरते. या मरणाला क्युप्रोप्टोसिस असं वेगळं नाव दिलं गेलं. विल्सनच्या मुलाच्या यकृतात याचा वाटा नेमका किती, ते अजून ठरायचं आहे, पण चूल आधी का विझते याचं हे मला पटणारं उत्तर आहे.

यकृताबाहेर पडलेलं तांबं मग मिळेल तिथे बसतं. मेंदूच्या खोल केंद्रांत बसलं की हात थरथरतात, बोलणं जड होतं, लाळ गळते. कित्येकदा आधी बदलतं ते अक्षर. माझ्याकडे आलेल्या एका मुलीचा आजार पहिल्यांदा तिच्या वर्गशिक्षिकेच्या लक्षात आला. त्यांनी दोन सत्रांच्या वह्या शेजारी ठेवून आईला दाखवल्या होत्या. बुबुळाच्या कडेला सोनेरी-तपकिरी कडं दिसतं तेही तांब्याचंच. मात्र यकृताचा त्रास घेऊन येणाऱ्या मुलांपैकी जवळपास निम्म्यांत ते नसतं, तेव्हा "डोळ्यात कडं नाही" म्हणून निश्चिंत होऊ नये. आणि यकृतातून एकदम खूप तांबं सुटलं तर तांबड्या पेशी फुटतात आणि कावीळ होते. भाच्याच्या आधीच्या दोन काविळींपैकी एखादी या जातीची असू शकेल. वाढत्या वयाच्या मुलाला पुन्हा कावीळ झाली आणि हिपॅटायटिस ए, ई नाही असं निघालं, तर सेरुलोप्लाझ्मिन बघायलाच हवं.

आता हंड्याबद्दल. आजींची भीती पूर्ण निराधार नाही, तिला आपल्याच भागाचा इतिहास आहे.

मी शिकाऊ डॉक्टर असताना बालरोग विभागात एक दृश्य वारंवार दिसायचं. दीड-दोन वर्षांचं मूल, हातपाय काडीसारखे, पोट मोठं, यकृत हाताला दगडासारखं लागायचं आणि त्याची कड सुरीसारखी धारदार. चिडचिडं, झोप नाही. आई सांगायची, "याच्या मोठ्या भावालाही असंच झालं होतं." इंडियन चाइल्डहुड सिऱ्होसिस हे त्याचं नाव. मुलं काही महिन्यांत जायची आणि आमच्या हातात काही नसायचं. बहुतेक मुलं खेड्यातल्या, घरी गाय-म्हैस असलेल्या, खाऊनपिऊन बऱ्या घरांतली, हे विशेष खटकायचं.

१९७९ मध्ये ब्रिटिश बालरोगतज्ज्ञ स्टुअर्ट टॅनर आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की या मुलांच्या यकृतात तांबं प्रचंड असतं, विल्सनमध्ये सापडतं तितकं किंवा त्याहूनही जास्त. मग पुण्यातले बालरोगतज्ज्ञ आनंद पंडित आणि शीला भावे यांच्यासह टॅनरनी घराघरातलं दूध कशात तापवतात याचा माग काढला. आजारी मुलांना आईचं दूध लवकर तोडून वरचं दूध सुरू केलेलं होतं, आणि ते दूध पितळी किंवा तांब्याच्या भांड्यात तापवून त्यातच ठेवलेलं असायचं. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. १९८३ मध्ये हे लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं.

कळकणे हा शब्द आपल्या भाषेत आहे. ताक पितळेत राहिलं की कळकतं, हिरवट होतं, तोंडाला लागतं, आणि ते ओतून द्यायचं हे प्रत्येक आजीला ठाऊक होतं. आंबटाला कल्हईचं भांडं लागतं हेही ठाऊक होतं. दारावर कल्हईवाला यायचा, भाता चालवून नवसागर टाकून कथलाचा हात फिरवायचा, तो याचसाठी. पण दूध आंबट नाही. ते हिरवं पडत नाही, नासत नाही. धातूतून सुटलेलं तांबं दुधातल्या केसीन या प्रथिनाला गुपचूप बांधलं जातं. कळकण्याची जी खूण डोळ्यांनी आणि जिभेने ओळखता यायची, ती दुधात उमटतच नव्हती. म्हणून इतकं शहाणपण असलेल्या घरातही हे निसटलं. मला या सगळ्यात त्या बायकांचा दोष कधीच दिसला नाही, आणि तुमच्या आजींचाही दिसत नाही.

तान्ह्या बाळाला हे जास्त का बाधलं? जन्मताना बाळाच्या यकृतात तांब्याचा साठा मुळातच जास्त असतो, आणि पित्तावाटे ते बाहेर टाकण्याची ताकद पहिल्या काही महिन्यांत कच्ची असते. आईच्या दुधात तांबं कमी असतं, म्हणून ते जमतं. त्याच वयात पितळी भांड्यातलं दूध दिवसातून पाच-सहा वेळा गेलं, की येणारं जाणाऱ्याहून कितीतरी जास्त होतं. तरी त्याच गावात, तसल्याच भांड्यातलं दूध पिऊन कित्येक मुलं धडधाकट राहिली. म्हणजे काही मुलांत आनुवंशिक कमजोरी असणार. ते जनुक हाती लागलेलं नाही, आणि ते विल्सनचं जनुक नव्हे. ऑस्ट्रियाच्या टिरोल भागातही हेच घडलं होतं. तिथे १९०० ते १९७४ दरम्यान १३८ मुलं अशाच आजाराने दगावल्याची नोंद आहे. दूध तापवायची कल्हई नसलेली तांब्याची भांडी गेली आणि आजार संपला. आपल्याकडेही स्टील आलं, पितळ माळ्यावर गेलं, आणि १९९० नंतर हा आजार बघताबघता दिसेनासा झाला. आजच्या शिकाऊ डॉक्टरांना मी त्याचं वर्णन सांगतो, रुग्ण दाखवता येत नाही. याचा मला मनापासून आनंद आहे.

तेव्हा हिशेब एवढाच की पेशीत धातू साचायच्या वाटा दोन. येणारं इतकं वाढतं की निरोगी दारालाही झेपत नाही, नाहीतर दारच बंद असतं. पितळी भांड्यांमुळे पहिली झाली, भाच्याची दुसरी आहे. थॅलेसेमियाच्या, म्हणजे वारंवार रक्त द्यावं लागणाऱ्या, मुलांत लोखंडाचं जे होतं त्यात दोन्ही एकत्र येतात. रक्ताच्या एका पिशवीतून २०० ते २५० मिलिग्रॅम लोखंड जातं, आणि शरीर दिवसाला जेमतेम १-२ मिलिग्रॅम गमावतं. लोखंड ठरवून बाहेर टाकायची सोयच माणसाच्या शरीरात नाही. म्हणून ते हृदयात आणि यकृतात बसतं. कॅडमियम मूत्रपिंडात वर्षानुवर्षं ठाण मांडतं, शिसं कॅल्शियमच्या वेषात हाडात शिरतं. ते वेगळे विषय आहेत, इथे लांबवत नाही.

ज्याचं दारच बंद आहे त्याला थोडं जास्तीचं येणंही परवडत नाही, म्हणून हंडा बंद. निरोगी मोठ्या माणसाने तांब्याच्या भांड्यातलं साधं पाणी प्यायला माझी हरकत नाही. त्यात लिंबू, ताक, कोकम मात्र नको. भाच्यासाठी पाणी स्टीलमधलं. प्राण्यांची कलेजी, खेकडे-कोळंबी, काजू-अक्रोड, चॉकलेट, अळंबी हे पहिलं वर्षभर तरी टाळा. पण नुसत्या पथ्यावर हा आजार आटोक्यात येत नाही. पथ्य सांभाळून औषध सोडलेली मुलं मी गमावली आहेत.

औषध जन्मभर, कारण पंप जन्मभर बंद राहणार आहे. १९१२ मध्ये किनिअर विल्सन यांनी हा आजार मांडला तेव्हा तो जीवघेणाच होता. १९५६ मध्ये जॉन वॉल्श यांनी पेनिसिलामाइन दिलं आणि चित्र पालटलं. हे औषध तांब्याला धरून लघवीवाटे काढतं, म्हणजे बंद दाराऐवजी दुसरी खिडकी उघडतं. ते उपाशीपोटी घ्यायचं, जेवणाआधी तासभर किंवा नंतर दोन तासांनी, सोबत बी-६ जीवनसत्त्व. पहिल्या काही आठवड्यांत ताप, पुरळ येतं का बघा. लघवीतलं प्रथिन आणि रक्तपेशी ठरलेल्या वेळी तपासा. मेंदूची लक्षणं असलेल्या काही रुग्णांत ती सुरुवातीला वाढतात, म्हणून हात थरथरू लागले तर त्याच दिवशी कळवा. जस्ताच्या गोळ्यांचं काम वेगळं. त्या आतड्याच्या पेशींना मेटॅलोथायोनिन तयार करायला लावतात, मघाशी म्हटलं तेच गोदाम. जेवणातलं तांबं तिथे अडकतं, आणि त्या पेशी काही दिवसांत गळून पडतात तेव्हा त्यांच्याबरोबर शौचावाटे जातं. दोन्ही औषधं चालू असतील तर त्यांच्यात अंतर ठेवायचं, नाहीतर ती एकमेकांनाच पकडून बसतात.

पाच-सात वर्षांनी मूल तरुण होतं, सगळे रिपोर्ट नॉर्मल येतात, आणि त्याला वाटतं आता बरा झालो. परगावी शिकायला जातो आणि गोळ्या सुटतात. पुढच्या काही महिन्यांत ते दोन-तीन वर्षांत यकृत एकदम कोसळतं, आणि तेव्हा तीच गोळी पुन्हा चालू करून भागेलच असं नसतं. भाचा अकरा वर्षांचा आहे, म्हणजे त्याला समजेल अशा वयाचा आहे. गोळी कशासाठी हे आईला नाही, त्यालाच समजावून सांगा.

एक काळजीची गोष्ट लपवत नाही. पोटात पाणी झालं आहे, म्हणजे यकृत बरंच थकलं आहे. औषधाने अशी मुलंही सावरतात, पण सहा-बारा महिने लागतात. तोपर्यंत यकृतरोपणाची सोय असलेल्या केंद्रात त्याचं नाव आणि कागद असू द्या. बिलिरुबिन, म्हणजे काविळीचा आकडा, वाढत गेलं, रक्त गोठायला वेळ लागू लागला, मूल गुंगीत वाटलं, तर वाट बघू नका. रोपण करावंच लागलं, तर नव्या यकृतात पंप चांगला असतो आणि हा दोष तिथेच संपतो.

आता धाकटी. तिला हाच आजार असण्याची शक्यता चारात एक आहे. आठव्या वर्षी ती ठणठणीत दिसणं हे वर सांगितलेल्या गोदामांचं काम असू शकतं. याच टप्प्यावर औषध सुरू झालेली मुलं पुढे शिकतात, लग्न करतात, त्यांना मुलं होतात, आणि आजार कधी उगवतच नाही. तिचं सेरुलोप्लाझ्मिन, यकृताच्या चाचण्या, चोवीस तासांची लघवी आणि स्लिट लॅम्पवर, म्हणजे डोळ्यांच्या डॉक्टरांकडच्या सूक्ष्मदर्शकावर, डोळे तपासून घ्या. भाच्याच्या जनुकातले दोष सापडले असतील तर तेवढेच तिच्यात शोधणं सगळ्यात पक्कं. आईवडिलांचं लग्न नात्यातलं असेल, आपल्याकडे मामाच्या मुलीशी करतात तसं, तर चुलत-मामे भावंडांचाही विचार करावा लागेल. हे डॉक्टरांना आपणहून सांगा, विचारायची वाट बघू नका.

आणि लघवी गोळा करताना सकाळची पहिली टाकून द्यायची, तिथून पुढे दुसऱ्या दिवसाच्या पहिल्या लघवीपर्यंतची सगळी धरायची, प्रयोगशाळेने दिलेल्या प्लॅस्टिकच्या कॅनमध्येच. एका घरी न्हाणीघरातल्या पितळी तांब्यात धरून मग कॅनमध्ये ओतली होती. आकडा इतका मोठा आला की निरोगी मुलीचे आईवडील दहा दिवस झोपले नाहीत.